वर्षातलं सर्वांत स्वच्छ घर

श्रावण लागला की सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत घरं रस्त्यावर येतात. म्हणजे घरातलं सगळं. पत्र्याच्या पेट्या, गाद्या, फळीवरची पितळेची भांडी, देवांच्या तसबिरी, सिलिंडरसुद्धा. सगळं उंबऱ्याबाहेर मांडलेलं, आणि आत साड्या खोचून बाया भिंती घासतायत. रिक्षाला वाट मिळत नाही. रिक्षावाला हॉर्न वाजवतो, बाया मान वळवत नाहीत. "उडीसन जाय!" आतून कुणीतरी ओरडतं आणि सगळी गल्ली हसते. कानबाई यायची असते, आमची देवी. खानदेशातून इथे आलेल्या आमच्या लोकांचं गाव सुटलं, शेत सुटलं, पोरांच्या तोंडी गुजराती आली, पण कानबाई सुटली नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते, सोमवारी सकाळी तापीत जाते. एका रात्रीची पाहुणी. पण तिच्यासाठी घराला चुना लागतो, डबे उन्हात पडतात, चक्कीवाला चक्की पुसून फक्त रोटाचं, तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांचं, दळण घेतो. वर्षभर आम्ही कसेही राहत असू. या आठवड्यात आमच्या घरांत कुणी जमिनीवर ताट ओतून जेवलं तरी चालेल.

यंदाही चुन्याचा वास आला. तो थंड, ओला वास. लोकांना त्या वासाने उत्साह येतो. मला राग येतो. नवा नाही, जुना राग. फळीवरच्या हंड्यासारखा दर श्रावणात खाली काढून चिंचेने घासलेला. त्याच्यावर डाग पडू दिलेला नाही मी.

मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, त्या श्रावणातली गोष्ट. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक आतून बघितलं नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, कापडाच्या लूमवर. माय घरी बसून साड्यांना लेस लावायची, टिकल्या चिकटवायची. टेम्पोवाला गठ्ठे टाकून जायचा आणि आमची बाहेरची खोली झगमगून उठायची. जेवताना ताटात टिकली निघाली की नाना म्हणायचे, "आज भाजी मालदार शे." साड्या दुसऱ्याच्या, म्हणून माय प्रत्येक गठ्ठा उघडण्याआधी हात धुवायची. साबणाने, कोपरापर्यंत. मी पुढे मायक्रोबायॉलॉजीच्या प्रयोगशाळेत हात धुवायला शिकले तेव्हा तिथल्या मॅडमनी माझ्याकडे दोनदा बघितलं आणि विचारलं, आधी कुठे काम केलंय का. केलं होतं. टिकल्यांचं.

त्या वर्षी मायने भिंती स्वतः घासल्या. मध्येच थांबायची, उजव्या बरगडीखाली हात दाबून धरायची, पुन्हा ब्रश उचलायची. "माय, बस ना जरा." "कानबाई बसू दे, मंग मी बसते." पित्ताशयात खडे होते. घर पुसून झालं, डबे परत फळीवर चढले आणि त्याच दुपारी ती कळ आली जिने तिला उभं राहू दिलं नाही. काचेच्या दारांचा दवाखाना होता तो, आत एसीचा वास. ऑपरेशन चांगलं झालं. ती उठून बसली, चहा मागितला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारलं, तुमच्याकडे कानबाई असते का. मग ताप आला.

तापानंतरचं सगळं माझ्या डोक्यात रंगांनी आहे. पिवळी पिशवी. निळी सुई. तिच्या ओठांवरचा राखाडी. इंजेक्शनं बदलत गेली, प्रत्येक नवं आधीच्यापेक्षा मोठ्या नावाचं. रिपोर्ट आला, त्यात औषधांची रांग आणि जवळजवळ प्रत्येकासमोर R. मला तेव्हा वाटलं, R म्हणजे राइट. कॉलेजात शिकणारी पोरगी मी. R म्हणजे रेझिस्टंट. हे औषध या जंतूला काही करू शकत नाही.

आणि मग ते वाक्य. डॉक्टर दारात उभे होते, एक पाय वॉर्डात, एक बाहेर. नाना त्यांच्यासमोर, लूमवरून तसेच आलेले, नखांत काळं ऑइल. डॉक्टरांनी त्या नखांकडे बघितलं आणि म्हणाले, "ये सब इन्फेक्शन आप लोग घर से ही लेकर आते हो. पहले घर साफ रखना सीखो."

नानांनी हात जोडले. म्हणाले, "हाँ साहब."

मला डॉक्टरांच्या वाक्याइतकंच ते 'हाँ साहब' लागलं. अजून लागतं. चुन्याचा हात न वाळलेल्या घराचा धनी, हात जोडून कबूल करतोय.

माय शनिवारी गेली. रविवारी गल्लीत घरोघरी कानबाई बसली. आमचा चौरंग धुतलेला, तसाच भिंतीला टेकून. सोमवारी सकाळी बाया डोक्यावर कानबाई घेऊन गाणी म्हणत तापीकडे निघाल्या. आमच्या दारासमोर आल्या आणि गाणं बंद झालं. नुसते पायांचे आवाज. कोपऱ्यावर वळल्यावर पुन्हा सुरू झालं. तेवढ्या तुकड्यातली शांतता मी कुठे ठेवू, हे मला कधी कळलं नाही.

सुतक फिटल्यावर नानांनी घर धुवायला काढलं. वर्षातलं सर्वांत स्वच्छ घर. पाणी न घालता फिनेल ओतलं, डोळ्यांना धारा लागल्या, शेजारचे खोकत बाहेर आले. "नाना, काय करताय?" "साहेब बोलला ना. घरातच शे तो." तो, म्हणजे जंतू. मग त्यांनी मायची गोधडी काढली. तिची उशी, कंगवा, तिच्या साड्या, टिकल्या ठेवायची तिची लाकडी थाळी. सगळं गाठोडं बांधून खाडीच्या काठाला नेलं आणि पेटवलं. टिकल्या जळताना बारीक आवाज करतात, तेलात मोहरी पडावी तसा. आमच्याकडे मायचा वास असलेलं काहीही राहिलं नाही. लोकांच्या आया जातात, निदान पदर राहतो. आमचा पदर एका वाक्यात जळाला.

तेव्हापासून आमच्या घरी कानबाई बसत नाही. भेस्तानला काकांकडे बसते, आम्ही तिथे जातो. रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, म्हणून जावं लागतं. काका दरवर्षी म्हणतात, "नाना, औंदा घरी बसाड ना." नाना मान हलवतात. "त्या घरमा देवी नको. त्या घरमा तो शे."

मी एम. एस्सी. केलं. पुढे संशोधनाला लागले. गल्लीत अजून कुणाला माझं काम नीट सांगता येत नाही. 'ती जंतूंची मॅडम' एवढं म्हणतात, आणि मला ते चालतं. मला मार्क होते, मी कुठलाही विषय घेऊ शकले असते. मी त्याचा घेतला. रिपोर्टवर ज्याचं नाव होतं, क्लेब्सिएला, त्याचाच. लोक विचारतात, प्रेरणा काय. समाजसेवा, विज्ञानाची आवड, असं काहीतरी सांगावं लागतं मुलाखतीत. खरं उत्तर असं की मला त्याला मारायचं होतं. आजही तेच आहे.

मारायचं तर आधी ओळखायला हवं. त्याच्या अंगावर कपड्यांचे थर असतात. सगळ्यात बाहेर जाड, चिकट लेप. बशीत वाढवला की सायीसारखा चकाकतो. सळईने टोचून वर उचला, तर पाकाची निघते तशी लांब तार निघते. लेपाखाली बाहेरचं आवरण, पाणी न शोषणाऱ्या कापडासारखं. औषध त्याच्यावर पडतं आणि ओघळून जातं. त्याच्याखाली बारीक विणीची जाळी, तिच्यामुळे तो फुटत नाही. मग आतलं आवरण. सगळी मोठमोठ्या नावांची इंजेक्शनं त्या बाहेरच्या आवरणाशी येऊन उभी राहतात. काही दारं आहेत त्याला, अरुंद. धोका दिसला की तीही तो कमी करतो. एखादं औषध चुकून आत शिरलंच, तर पंप आहेत, बाहेर फेकून देतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं आणि कौतुक वाटल्याचा संताप आला. डोळा नाही, मेंदू नाही, हात नाही, आणि असा बंदोबस्त.

आणि सगळ्यात वाईट हे की त्याला पोसावं लागतं. मारण्यासाठी रोज हवा, म्हणून रोज वाढवायचा. त्याला मांसाचं सार, मीठ, साखर. त्याला माणसाच्या अंगाएवढी ऊब. मी सकाळी पोचते, कपाट उघडते, आणि तो रात्रीत गुटगुटीत झालेला असतो. माझ्या आईला गिळणाऱ्याच्या जातीला मी बाळासारखी जपते. थंडी लागू देत नाही. माझी मैत्रीण एकदा म्हणाली, असं वैर घेऊन कसं जगतेस, माफ करून टाक. माफ? माणसाला करतात माफ, बाई. त्याला काय सांगू, जा, पुन्हा असं करू नकोस?

घरी आले की नाना चपला काढायच्या आत विचारतात, "मरना का तो?"

"नाही, नाना."

"इतली वर्षं झाली. एक किडा मरत नाही तुझ्याच्याने?"

"किडा नाही, जंतू."

"मोठा पैलवान शे का तो?"

"कपडे जाड आहेत त्याचे."

"मंग काढ ना कपडे! सुरतमा राहीसन कपडाले हारनी तू?"

हा विनोद आमच्या घरात वर्षं चालला. पण प्रश्न विनोदी नव्हता. रोज विचारायचे, जसा एखादा माणूस कोर्टातून आलेल्या मुलाला विचारतो, तारीख लागली का.

मला कळत गेलं तसं मी त्यांना सांगितलं होतं. नाना, हा घरातला नव्हता. इतकी औषधं पचवलेला जंतू घरात तयार होत नाही. जिथे ती औषधं रोज वापरली जातात तिथे तो शिकतो. वॉर्डातल्या बेसिनखाली, ओल्या नळ्यांत, पाइपच्या वाकात. चुना मारलेल्या भिंतीवर त्याचं काही चालत नाही. नाना ऐकून घेत. मग म्हणत, "तू मनी पोर शे. तू असंच म्हणशील." त्यांचं लॉजिक पक्कं होतं. साहेब परका होता, त्याला खोटं बोलायचं काय कारण? पोरगी बापाला बरं वाटावं म्हणून बोलते. माझ्या सगळ्या डिग्र्या त्या एका वाक्यापुढे घरच्या ठरल्या. तेव्हाच मला कळलं की नुसता जंतू मारून माझं भागणार नाही. नानांच्या डोक्यातून ते वाक्य निघेपर्यंत माझा सूड अर्धाच.

एकदा विभागात घरच्यांना बोलावलं होतं, प्रयोगशाळा बघायला. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दाराशी येऊन चपला काढल्या, देवळात काढतात तशा. शिपाई धावत आला, "काका, अंदर चप्पल पहनना पड़ता है!" नानांना पटेना. शेवटी पायात निळ्या पिशव्या, अंगात पांढरा कोट, हातात मोजे. आरशात बघून म्हणाले, "मी साहेब दिसतो का?" मी हसले नाही.

मी बशी आणली. झाकण लावलेलीच. नाना वाकून बघत राहिले.

"हाऊच?"

"हाच."

"हाई तं साय दिखस." त्यांचा आवाज खाली गेला. त्यांना वाटलं होतं काहीतरी काळं, पायांचं, तोंडाचं असेल. मग त्यांनी त्याला शिव्या दिल्या. अहिराणीत, संथपणे, एकेक निवडून, त्याच्या मायपासून सुरुवात करून. माझ्या मार्गदर्शक मॅडम पलीकडे उभ्या होत्या. गुजराती असल्या तरी अर्थ पोचला असावा, कारण त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"मले एक मारू दे," नाना म्हणाले.

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. काम झालेल्या बशा तशाही ब्लीचच्या पाण्यात मारूनच टाकायच्या असतात. मी काचेच्या पेटीत बशीचं झाकण उचलून धरलं आणि नानांनी ब्लीच ओतलं. साय फिकी झाली, सुटली, विरली. थोड्या वेळाने मी म्हटलं, "मेला."

"सगळा?"

"सगळा."

मला वाटलं आता नानांना बरं वाटेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "इतलं सोपं व्हतं, तं तुनी मायले का नही दिधं?"

मी इतक्या परीक्षा दिल्या, इतके व्हायवा दिले. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, नाना, ब्लीच त्याला मारतं तसं मायलाही मारलं असतं. रक्तात सोडता येत नाही. त्याला नुसतं मारणं कुणालाही जमतं. आगीने मरतो, उकळत्या पाण्याने मरतो. नाना ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तो मराले पाहिजे, आणि तिले लागाले नको."

"हो."

"मंग तेच तं काम शे."

"तेच काम आहे, नाना."

माझ्या विषयाची याहून नेटकी व्याख्या मी अजून कुठे वाचलेली नाही.

आणि तिथेच मी अडकले होते. माझ्या हातात एक रसायन होतं, आमच्याच विभागात बनवलेलं, नावाला नुसता नंबर. ते त्याच्या बाहेरच्या आवरणावर तुटून पडायचं. फाडायचं. मायक्रोस्कोपखाली त्याच्या चिंध्या दिसायच्या, आतलं सगळं बाहेर सांडलेलं, आणि मी ती चित्रं कॉम्प्युटरवर मोठी करून बघत बसायची. लोक लग्नाचे फोटो बघतात तसे. मॅडम म्हणाल्या, "रक्तावर बघितलंस?" बघायचं टाळत होते मी. कुणाचं तरी रक्त लागतं, माझंच दिलं. छोट्या छोट्या खळग्यांत रक्ताच्या पेशी टाकायच्या, वर रसायन. पेशी शाबूत राहिल्या तर तळाशी जाऊन बसतात, लाल टिकलीसारख्या, वरचं पाणी नितळ. फुटल्या तर सगळा खळगा एकसारखा लाल.

माझे सगळे खळगे लाल होते.

"फेकून दे हे," मॅडम म्हणाल्या.

"डोस कमी करून बघते."

"बेन, तने दवा बनाववी छे के बदलो लेवो छे?" औषध बनवायचंय की सूड घ्यायचाय?

"दोन्ही," मी मराठीत म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग फाडू नकोस. उसव."

उसवणं मला ठाऊक होतं. व्यापारी कधी माल परत पाठवायचा, लेस चुकली म्हणून. माय कात्री हातात घेत नसे. टाक्याचं शेवटचं टोक शोधून ओढायची, आणि अख्खी लेस सरसर हातात यायची, साडीला भोकही न पडता. त्याच्या बाहेरच्या आवरणालाही टाके आहेत. मॅग्नेशियमचे, कॅल्शियमचे, त्यांनी ते कापड एकत्र धरलेलं असतं. ते टाके सैल करणारी एक मरतुकडी गोष्ट आमच्याकडे पडून होती. एकटी कुणालाही मारत नव्हती. मी तिला तुच्छ समजायची. माझ्या रागाला ती पुरत नव्हती. पण तिने रक्ताला हात लावला नाही; टिकल्या तळाशी, पाणी नितळ. मग मी तिच्या पाठीमागून एक जुनं औषध सोडायला लागले. जुनं, साधं, मायच्या रिपोर्टवर ज्याच्यासमोर पहिला R होता तेच. मुद्दाम तेच निवडलं. मॅडमना कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

किती वेळा फसलं ते लिहीत नाही. फसण्याचं कौतुक आता फार होतं. यंदा आषाढात, लिंबायतच्या खाडीचं पाणी चढून उतरलं होतं, रस्त्यांवर वाळलेला गाळ उडत होता, आणि मी सकाळी नळ्या उजेडात धरल्या. ज्या नळीत तो रोज गढूळ माजलेला असतो ती नळी स्वच्छ. हलवली. स्वच्छ. त्यातलं बशीवर पसरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी बशी कोरी. पुन्हा केलं, कोरी. तिसऱ्यांदा दुसऱ्या मुलीला करायला लावलं, माझ्या हाताचा भरवसा नको म्हणून. कोरी. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं ते हसू, आणि चांगलं हसू नव्हतं ते. कपडे सैल झाले होते त्याचे, आणि ज्या औषधाला त्याने माझ्या मायच्या अंगात दारातून हाकललं होतं ते आत जाऊन बसलं होतं.

हे औषध झालेलं नाही अजून. नळीतून उंदरात, उंदरातून माणसात, मध्ये वर्षं आहेत आणि बहुतेक गोष्टी वाटेतच मरतात. हे मला ठाऊक आहे. तरी मी त्या दिवशी घरी गेले, नानांनी विचारलं, "मरना का तो?" आणि मी म्हटलं, "हो. मेला. रक्ताला न लागता."

नानांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "त्याले समजनं का, कोणी मारं ते?"

"त्याला काही समजत नाही, नाना."

"मंग काय मजा?"

त्यांचं बरोबरच होतं. ज्याला कळत नाही त्याच्यावर सूड कसला. कळू शकेल असा एकच जण होता.

कानबाईच्या आधीच्या आठवड्यात विद्यापीठाच्या हॉलमध्ये शहरातल्या डॉक्टर आणि नर्सेससमोर मला बोलायचं होतं. मॅडमनीच नाव दिलं होतं. यादी बघितली तर मायचे ते डॉक्टरही येणार होते. मी नानांना म्हटलं, चला. मागे बसा, बोलू नका. नाना म्हणाले, "मी कशाले बोलू?" इस्त्रीचा शर्ट, आणि नखं त्यांनी रॉकेलने घासून आणली होती.

ते पहिल्या रांगेत बसले होते. केस रंगवलेले, चष्मा नवा. मला ओळखलं नाही. ओळखायचं कारणच काय. मी बोलले. लेप, आवरण, जाळी, टाके, उसवणं. पडद्यावर कोरी बशी दाखवली तेव्हा हॉलमध्ये एक बारीक हालचाल झाली, ती मी कधी विसरणार नाही. बोलणं संपल्यावर पहिला हात त्यांचाच.

"बहुत बढ़िया काम, मॅडम. मार्केट में कब तक?"

"सालों लगेंगे, सर."

"जल्दी करिए. हमारी तो मुसीबत है. पेशंट सब घर से ही लेकर आते हैं, और नाम हॉस्पिटल का खराब होता है." आजूबाजूचे हसले. तेच वाक्य. इतक्या वर्षांत त्यांनी ते धुतलंसुद्धा नव्हतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात शेवटच्या रांगेत नाना उठून उभे राहिले. हात वर, शाळेतल्यासारखा.

"मॅडम, एक सवाल है," नाना म्हणाले. मला. माझ्या बापाने मला, भर सभेत. चेहऱ्यावर ओळखीची रेघ नाही. "ये जो जंतू है, पक्का वाला, जिसको कोई दवा नहीं लगती. वो घर से आता है क्या?"

मला तेव्हा कळलं ते काय करत होते. पोरीचं त्यांना ऐकायचं नव्हतं. त्यांना परक्या मॅडमचं ऐकायचं होतं.

माझ्या मॅडम बघत होत्या, डॉक्टर बघत होते. खोटं बोलायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती. "काका," मी म्हटलं, माझ्या बापाला. "घर से कुछ भी आ सकता है. पर इतनी दवाइयाँ पचाया हुआ जंतू वहाँ बनता है जहाँ ये बड़े इंजेक्शन रोज़ चलते हैं. आपके घर में ये इंजेक्शन थे?"

"नहीं मॅडम. हमारे घर में बाम था."

हॉल हसला. डॉक्टरही मागे वळून हसले.

"घर कैसा था, काका?"

"कानबाई का घर था. चूना मारेला. मेरी घरवाली ने खुद मारा था, दवाखाने में आने से पहले." मागे उभ्या असलेल्या नर्समधल्या दोघीतिघी आमच्याकडच्या असाव्यात, त्यांचं हसणं एकदम थांबलं. मग त्यांच्या पुढच्यांचं.

"तो वो घर से नहीं आया, काका. दवाखाने से लगा."

नाना बसले नाहीत. त्यांनी पहिल्या रांगेकडे बोट केलं, अगदी अदबीने.

"ज़रा ज़ोर से बोलिए, मॅडम. आगेवालों को सुनाई नहीं दिया होगा."

मी माइक जवळ ओढला.